पेल्विक बाइंडरला 'कमरपट्टा' म्हणावं का?

प्रश्न असा आहे: महामार्गावरच्या स्वयंसेवकांसाठी प्रथमोपचाराचं पत्रक मराठीत करायचंय. मूळ मजकुरात 'पेल्विक बाइंडर' आहे, म्हणजे अपघातात कमरेखालचं हाडांचं कडं (पेल्विस) मोडलं तर त्याभोवती आवळायचा पट्टा. शब्दकोशात पेल्विससाठी 'श्रोणी' सापडतो, पण तो कुणाला कळणार? सरळ 'कमरपट्टा' लिहिलं तर?

कमरपट्टा नकोच. वाचणारा तो कमरेला बांधेल. आपल्या लेखी कंबर म्हणजे जिथे साडी खोचतात, करदोटा असतो, ती जागा. हा पट्टा त्याच्या बराच खाली बसवायचा असतो. शिवाय कमरपट्टा म्हटलं की एक तर दागिना आठवतो, नाही तर पाठदुखीचा बेल्ट.

जागेचा एवढा आग्रह का, तर मागचं त्रिकास्थी, म्हणजे पाठीच्या कण्याच्या तळाचं हाड, आणि दोन्ही बाजूंची पसरट हाडं मिळून एक कडं तयार होतं. जोराच्या अपघातात हे कडं पुढून फाकू शकतं. त्रिकास्थीसमोरच्या शिरांचं जाळं फाटतं, मोडलेल्या हाडांतूनही रक्त वाहतं आणि ते सगळं आतच साठतं. बाहेर थेंबही दिसत नाही, पण आत काही लिटर रक्त मावू शकतं. पट्ट्याने कडं मिटतं, हाडांची हालचाल थांबते, धरलेली रक्ताची गुठळी टिकते. त्यासाठी तो दोन्ही मांड्यांच्या वरच्या टोकाला, बाहेरून हाताला लागणाऱ्या उंचवट्यांवर यायला हवा. उभं राहून तिथे तळहात ठेवा आणि पाऊल आत-बाहेर फिरवा, उंचवटा हाताखाली सरकतो. पट्टा त्याच्या वर बांधला जाणं ही अगदी नेहमीची चूक आहे, आणि मग कडं नीट मिटत नाही.

या जागेला बोलीत शब्द आहे: खुबा. मग 'खुब्याचा पट्टा' का नको? कारण 'आजींचा खुबा मोडला' म्हणजे न्हाणीघरात घसरून मांडीच्या हाडाची मान मोडली, असंच आपण समजतो. ती दुखापत वेगळी, हा पट्टा तिच्यासाठी नाही. म्हणून खुबा जागा सांगायला वापरा, नावात घालू नका. 'ओटीपोटाचा पट्टा' तर त्याहून वाईट, तो थेट मऊ पोटावर आवळला जाईल.

'श्रोणी' शुद्ध आहे आणि जुनाही. मोडलेल्या श्रोणीच्या रुग्णाला फळीवर निजवून जखडून ठेवण्याचा विधी सुश्रुतसंहितेत आहे. पण रात्री घाटात टॉर्च धरून उभ्या असलेल्या पोराला त्याचा काय उपयोग? माझं मत 'पेल्विक पट्टा'. अर्धा इंग्रजी आहे, असू दे. रुग्णवाहिकेतल्या डॉक्टरांशी बोलतानाही तोच कामी येईल.

आता क्रियापद. 'कॉम्प्रेशन'साठी 'दाब देणे' लिहू नका. ते वाचून कुणीतरी दोन्ही हातांनी हाडं दाबून पाहील, आणि नेमकं तेच टाळायचं असतं. हाडं हलवली की गुठळी सुटते. 'आवळणे' बरोबर आहे, त्यात चहूबाजूंनी घेरून घट्ट करणं आपोआप येतं. तयार पट्टा नसेल तर रुंद घडीची चादर वापरतात. तिच्यासाठी 'पीळ देणे' हा नेमका शब्द आहे.

पत्रकात मी असं लिहीन:

"खिशातल्या किल्ल्या, मोबाइल काढा. जखमीला कुशीवर वळवू नका. गुडघ्यांच्या खालच्या पोकळीतून पट्टा सरकवून हळूहळू वर आणा. दोन्ही खुब्यांवर आला की दोघांनी दोन बाजूंनी सारख्या ताकदीने आवळा. गुडघे आणि पावलं जवळ आणून बांधा. पट्टा बांधल्याची वेळ लिहून ठेवा. डॉक्टर सांगेपर्यंत तो सोडू नका."

वेळेचं वाक्य जागा कमी पडली म्हणून गाळू नका. पट्टा फार वेळ राहिला तर कातडी दाबली जाऊन जखम होते, आणि तो केव्हा बांधला हे दवाखान्यात पहिल्यांदा विचारतील.