घाट उतरताना गाडी न्यूट्रलला टाकली तर पेट्रोल वाचतं का?

नाही.

एवढ्यावर थांबणार होते, पण तुम्ही लिहिलंय की गाडी 2019 ची पेट्रोल, साधी गिअरची, महिन्यातून दोनदा कराड-चिपळूण, आणि ऑफिसातले एक ज्येष्ठ पंचवीस वर्षं कुंभार्ली घाट न्यूट्रलवर उतरतात, त्यांना कधी काही झालेलं नाही. असे एक ज्येष्ठ आमच्या घरातही आहेत. माझे मोठे दीर, दादा. त्यामुळे आता सगळंच लिहिते.

आधी हे सांगायला हवं की मी एसटी ड्रायव्हरची मुलगी. अण्णा चिपळूण आगारातून निवृत्त झाले. गाडी त्यांनीच शिकवली आणि पहिल्याच दिवशी सांगितलं, घाट ज्या गिअरमध्ये चढशील त्याच गिअरमध्ये उतर. गाडी इंजिनावर उतरवायची, ब्रेक फक्त वळणाला. म्हणजे मला माहीत नव्हतं असं नाही. माहीत असून मी ऐकलं, हेच अजून सलतं.

2014 चा मे महिना. माझ्या मावसभावाचं लग्न चिपळूणला. गाडीत मी, शेजारी मोठे दीर, मागे सासूबाई, जाऊबाई आणि पुतण्या. नवरा आदल्या दिवशीच पुढे गेला होता. डिकीत बॅगा, आहेर आणि गुळाची एक अख्खी ढेप, कारण कराडहून कोकणात रिकाम्या हाताने जायचं नसतं. गाडी 2009 ची छोटी हॅचबॅक. हेळवाक सोडलं, घाटमाथा आला, मी तिसरा टाकला. इंजिनाचा आवाज चढला तसे दादा म्हणाले, ‘अगं किती रडवतेस गाडीला! न्यूट्रल कर. फुकटची उतरण आहे, पेट्रोल कशाला जाळतेस?’

मी म्हटलं, अण्णा तर गिअरमध्येच उतरवायचे. त्यावर, ‘एसटीचं वेगळं. ते डिझेल सरकारचं.’

मागे सासूबाई. लग्नाला जातोय. वाद कशाला, म्हणून मी न्यूट्रल केलं.

पहिले दोन-तीन किलोमीटर काय छान वाटलं! आवाज नाही, गाडी लोण्यासारखी चाललीय. फक्त उजवा पाय ब्रेकवरून उचलता येत नव्हता. उचलला की चाळीस, पन्नास, साठ. अर्ध्याच्या पुढे क्लच जळल्यासारखा वास आला. दादा म्हणाले पुढच्या ट्रकचा असेल. पुढच्या वळणाला ब्रेक दाबला तर पेडल मऊ लागलं, त्याच्या पुढच्याला थेट तळाला गेलं. पाय खाली आणि गाडी तशीच पुढे. समोरून वर येणारी एसटी.

तेव्हा काय केलं ते लिहिते, कारण हे उपयोगाचं आहे. पेडल भराभर मारलं, थोडा ब्रेक परत आला. त्या तेवढ्यात क्लच दाबून तिसरा टाकला, मग दुसरा. इंजिन किंचाळलं, पण गाडी आवळली गेली. हँडब्रेक एकदम खेचला नाही, बटण दाबून धरून हळूहळू ओढला, नाहीतर मागची चाकं अडकून गाडी आडवी होते. आणि दरीची बाजू सोडून डोंगराकडच्या गटारात डावी चाकं घातली. बंपर खरवडला, ढेप फुटली, माणसं शाबूत. एसटीवाला थांबला, खाली उतरला, चाकांजवळ हात नेऊन बघितला आणि म्हणाला, ‘ताई, न्यूट्रलवर होता ना?’ हात न लावताच कळत होतं, एवढी धग मारत होती.

पाऊण तासाने पेडल आपोआप कडक झालं. पहिल्या गिअरमध्ये रांगत पोफळीच्या पुढे आलो आणि एका मिस्त्रीकडे थांबलो. त्याने बॉनेट उघडून ब्रेक ऑईलची बाटली दाखवली. कोऱ्या चहासारखं काळं ऑईल. ‘कधी बदललंत?’ कुणीच बोललं नाही.

लग्नात पोहोचेपर्यंत गोष्ट अशी झाली होती की ‘हिने ब्रेकवर पाय ठेवूनच अख्खा घाट उतरवला. बायकांना घाट जमत नाही.’ न्यूट्रल हा शब्द गोष्टीतून गायब. पुढची दहा वर्षं प्रत्येक बारशाला, प्रत्येक गणपतीत मी ती ऐकली.

आता तुमच्या प्रश्नाचं शास्त्र. इंजेक्शनच्या गाडीत, म्हणजे 2000 च्या अलीकडे विकल्या गेलेल्या जवळपास प्रत्येक पेट्रोल गाडीत, तुम्ही गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर पूर्ण सोडला आणि इंजिनाचे फेरे मिनिटाला साधारण हजार-दीड हजाराच्या वर असले, तर गाडीचा कॉम्प्युटर पेट्रोल सोडणारे इंजेक्टरच बंद करतो. पेट्रोल शून्य. इंजिन तेव्हा चाकांनी फिरवलेलं असतं. न्यूट्रल केलंत की चाकं सुटली. आता इंजिन बंद पडू नये म्हणून त्याला पाजत राहावं लागतं. छोट्या गाडीला उभ्या उभ्या ताशी अर्धा ते पाऊण लिटर. वीस मिनिटांच्या घाटाला फार तर पाव लिटर धरा. म्हणजे ज्या पंचवीस रुपयांसाठी तुमचे ज्येष्ठ पंचवीस वर्षं जीव टांगतायत, तेही उलटे खिशातूनच जातात.

दादांचं म्हणणं आलं कुठून तेही सांगते, अन्याय नको. ते शिकले इंजेक्शनच्या आधीच्या, कार्ब्युरेटरच्या गाडीवर. तिथे पाय काढला तरी इंजिन जितकं जोरात फिरेल तितकं पेट्रोल ओढतच राहायचं, म्हणून न्यूट्रलला खरंच थोडं कमी लागायचं. गाडी बदलली, सल्ला तोच राहिला.

ब्रेकचं मात्र कार्ब्युरेटर असो की इंजेक्शन, सारखंच. पोफळीला कोयनेचं भूमिगत वीजघर आहे. सह्याद्रीच्या त्याच कड्यावरून पाणी खाली पाडायचं आणि त्या पडण्याची वीज करायची, एवढंच तिथे चालतं. तुमची गाडीही तोच कडा उतरते. बाराशे किलो वजन आणि पाचशे मीटर उतार धरला तर दीड युनिटाहून जास्त ऊर्जा होते. वीस मिनिटांत ती संपवायची म्हणजे पाच इस्त्र्या एकदम चालू ठेवण्यासारखं. थोडी वाऱ्यात आणि टायरात जाते, गिअरमध्ये असाल तर बरीच इंजिन खातं. न्यूट्रलमध्ये उरलेली सगळी ब्रेकच्या डोक्यावर. पॅड तापले की पकड जाते, आणि ती धग पायाचा जोर चाकांपर्यंत नेणाऱ्या ब्रेक ऑईलपर्यंत पोचली की ऑईल उकळतं. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. माझा पाय तळाला गेला तो त्या बुडबुड्यांवर गेला.

ब्रेक ऑईल हवेतलं पाणी शोषतं, आणि आपल्याकडे, त्यातून चिपळूणच्या पावसाळ्यात, पाण्याला काय तोटा! नवं डॉट 3 प्रतीचं ऑईल किमान 205 अंशांपर्यंत टिकायला हवं, पाणी प्यायल्यावर तीच हमी 140 वर येते. डॉट 4 चे आकडे 230 आणि 155. म्हणून दर दोन वर्षांनी किंवा 40 हजार किलोमीटरला बदला. तुमच्या गाडीचं पुस्तक याहून लवकर सांगत असेल तर तसं. तुमची 2019 ची आहे. एकदाही बदललं नसेल तर न्यूट्रलचा वाद बाजूला ठेवून आधी ते करा.

काही शूर तर उतारावर किल्ली फिरवून इंजिनच बंद करतात. त्यांना काय सांगणार! पायाचा जोर वाढवणाऱ्या ब्रेकच्या बूस्टरमध्ये दोन-तीन दाबांपुरता जोर उरतो, मग पेडल दगड. पॉवर स्टिअरिंग जातं, आणि किल्ली पार मागे गेली किंवा निघाली तर स्टिअरिंग लॉक होतं.

मध्यंतरी दादांना पटवायचा मी एक प्रयत्न केला. नव्या गाडीत त्या क्षणाचं ॲव्हरेज दिसतं. उतारावर गिअरमध्ये पट्टी टोकाला गेली; मी म्हटलं बघा. त्यांनी न्यूट्रल करायला लावलं. ताशी चाळीसला पट्टी तिथेही टोकाला! ‘मग माझं काय चुकलं?’ त्या पट्टीला वरची मर्यादा असते. लिटरला साठ किलोमीटर आणि शून्य पेट्रोल यांतला फरक तिला दिसतच नाही, हे मी सांगेपर्यंत ते वडापाव घ्यायला उतरले होते.

एक मान्य करते. सौम्य, लांबलचक उतारावर, जिथे गिअरमध्ये गाडी मंदावते आणि मध्येच ॲक्सिलरेटर द्यावा लागतो, तिथे न्यूट्रलचा हिशेब थोडा फायद्याचा निघू शकतो. कुंभार्ली तसा नाही. आणि दुसरं. त्या गाडीच्या आधीच्या सर्व्हिसिंगला ब्रेक ऑईल बदलायचं यादीत होतं. ‘पुढच्या वेळी बघू’ म्हणून मीच खोडलं होतं. घरात हे कुणालाच माहीत नाही, सगळे समजतात नवरा विसरला.

दादांनी गेल्या दिवाळीत ऑटोमॅटिक घेतली. (तुम्हीही कधी घेतलीत तर उतारावर मॅन्युअल मोड किंवा एल, म्हणजे लो गिअर, वापरा. इलेक्ट्रिक असेल तर माथ्यावर बॅटरी पूर्ण भरलेली ठेवू नका. उतारावर मोटर जी वीज करते ती भरलेल्या बॅटरीत मावत नाही आणि गाडी कमी आवळते.) त्यात बसून आम्ही सगळे पुन्हा चिपळूणला निघालो. हेळवाक गेलं, माथा आला, आणि दादांचा डावा हात सवयीने लिव्हरवर गेला. मी मागे सासूबाईंच्या शेजारी. तोंड उघडणार तेवढ्यात त्याच बोलल्या, ‘हात काढ तिथनं. त्या दिवशी न्यूट्रल कर तूच म्हणालास. मी ऐकत होते.’

दहा वर्षं! एक शब्द बोलल्या नव्हत्या. दादांनी हात काढला आणि एसी वाढवला.

हो, एसीचं तुम्ही विचारलंयत ते राहिलंच. उतरताना बिनधास्त लावा. गिअरमध्ये असाल तर तोही चाकांवरच चालतो. चढताना किती फरक पडतो ते कुणी मोजलेलं असेल तर खाली लिहा.