घरी चीज दाबण्यासाठी लाकडी तरफेचा प्रेस कसा बनवावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: १० लिटर गाईच्या दुधाचं गौडा (एक डच चीज) घरी करता, साच्यावर वजनांचा ढीग रचला की तो कलंडतो, चीज एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ होतं. म्हणून लाकडी प्रेस करायचाय, मापं आणि वजनं हवीत. (पनीरसाठीच विचारत असता तर म्हटलं असतं, पाटावर पाण्याचं पातेलं ठेवा आणि विसरा.)

आधी तरफच का, ते सांगतो. स्क्रूचा प्रेस चकलीच्या सोऱ्यासारखा असतो. पीळ दिला की दाब येतो, पण निवळी (चीजमधून सुटणारं पाणी) निघून चीज खाली बसलं की दाबही उतरतो आणि दर थोड्या वेळाने पुन्हा पिळावं लागतं. तरफेला टांगलेलं वजन चीजच्या मागोमाग खाली येतं, त्यामुळे रात्रभर दाब तेवढाच राहतो. रचना अडकित्त्याची: एका टोकाला टेकू, मधे सुपारी, दुसऱ्या टोकाला हात. इथे सुपारीच्या जागी दट्ट्या (चीजवरची चकती दाबणारा उभा दांडा) आणि हाताच्या जागी पाण्याचा कॅन.

लाकूड. सांगाड्याला वाळलेला साग उत्तम, वखारीत तुकड्यात मिळतो. जुन्या चौकटीचा घेतलात तर रंग पूर्ण रंधून काढा. प्लायवूड आणि एमडीएफ नको, निवळी झिरपली की थर सुटतात, फुगतात. चीजला टेकणारी चकती मात्र लाकडाची करूच नका. एचडीपीई प्लास्टिकचा जाड चॉपिंग बोर्ड गोल कापून घ्या: उकळत्या पाण्याने धुता येतो, वास धरत नाही.

मापं १५ सेंमी आतल्या व्यासाच्या साच्यासाठी देतो. १० लिटर गाईच्या दुधाचं साधारण १ किलो चीज होतं, ते या साच्यात ५-६ सेंमी उंचीचं बसतं. पण दुधाच्या चोथ्याचे सैल दाणे भरताना जवळपास दुप्पट जागा लागते, म्हणून साचा १४-१५ सेंमी उंच आणि सरळ भिंतींचा हवा.

बेसची फळी ६० × २५ सेंमी, ४ सेंमी जाड. मागच्या कडेपासून ५ सेंमीवर दोन खांब, प्रत्येकी ५ × २.५ सेंमीचे, ४५ सेंमी उंच, मधे ३ सेंमी फट. या खांबांना २४ ते ४२ सेंमी उंचीपर्यंत दर ३ सेंमीवर ९ मिमीचं आरपार भोक, त्यात टेकू म्हणून स्टेनलेस स्टीलचा ८ मिमीचा बोल्ट. पुढच्या बाजूला, मागच्या खांबांपासून ४० सेंमीवर, तशीच पण बारीक जोडी. ती फक्त तरफ डावी-उजवीकडे झुकू नये म्हणून, तिच्यावर भार नाही. तरफ ९० सेंमी लांब, ५ × २.५ सेंमीची, बिनगाठीची. ती उभ्या बाजूने बसवा: तीच पट्टी आडवी ठेवण्यापेक्षा चौपट ताठ राहते. टेकूचं भोक टोकापासून ४ सेंमीवर, त्या भोकापासून २० सेंमीवर खालच्या अंगाला दट्ट्यासाठी उथळ खाच आणि ८० सेंमीवर वरच्या अंगाला वजनाची खाच. दट्ट्या ४ × ४ सेंमीचा, २० सेंमी लांब, माथा गोलसर घासलेला. चकती साच्याच्या आतल्या व्यासापेक्षा ४ मिमी लहान, म्हणजे भोवती कपड्यापुरती २ मिमी फट. जास्त फट ठेवलीत तर चीज कडेने वर चढून ओठ तयार होतो.

सगळ्यात जास्त चूक कुठे होते? मागच्या खांबांच्या सांध्यात. सगळा भार खाली जातो असं वाटतं, पण टेकूचा बोल्ट खांबांना वर ओढतो. दट्ट्यावर १८ किलो असताना ही ओढ १२-१३ किलोची असते. बेसमधून खांबाच्या आडव्या कापलेल्या टोकात ठोकलेले स्क्रू ती सहन करत नाहीत, काही दिवसांत सैल होऊन निघतात. खांबाला कूस (टोकाला कोरलेली बारीक जीभ) काढून ती बेसमधून आरपार घाला आणि खालून पाचर मारा. सुतारकाम तितकं जमत नसेल तर दोन्ही बाजूंनी लोखंडी अँगल आणि आरपार नट-बोल्ट. दिसायला ओबडधोबड, पण टिकतं.

दुसरी चूक बेस आखूड ठेवण्याची. ४० सेंमीचा बेस केलात तर ५ किलोचा कॅन टांगताच अख्खा प्रेस पुढे उलटू शकतो. ६० सेंमीच्या बेसची पुढची कड टेबलाच्या कडेला लावा, कॅन बाहेर लोंबू द्या आणि मागचं टोक सी-क्लॅम्पने टेबलाला आवळा. कॅनखाली मोकळी जागा भरपूर हवी, कारण चीज ४ सेंमी बसलं की वजनाची खाच १६ सेंमी खाली येते. कॅन कशावर टेकला की दाब संपला, आणि हे सकाळीच कळतं.

आता हिशेब. दट्ट्यावरचा भार = टांगलेलं वजन × (८० ÷ २०), म्हणजे चौपट. शिवाय तरफ स्वतः साधारण पाऊण किलोची असते, तिचा दीड किलोच्या आसपास भार येतो, दट्ट्या-चकतीचा अर्धा. म्हणजे काही न टांगताही चीजवर २ किलो असतातच. कॅनचं वजन धरून पाऊण किलो टांगलंत तर ५ किलो, २ किलोला १०, ४ किलोला १८. चार खाचा कोरत बसण्यापेक्षा एकच खाच आणि लिटरच्या खुणा केलेला कॅन मला जास्त सोपा वाटतो. कागदावर विश्वास नको असेल तर साच्याच्या जागी माणसांचा वजनकाटा ठेवून दट्ट्या त्यावर टेकवा, आकडा समोर दिसेल.

चीजच्या पाककृतीत नुसतं ‘२० किलो’ लिहिलेलं असतं, ते साच्याचा व्यास कळल्याशिवाय निरर्थक आहे. १५ सेंमी साच्याचं क्षेत्रफळ १७७ चौ. सेंमी, तिथे १८ किलो म्हणजे दर चौ. सेंमीला सुमारे १०० ग्रॅम. १० सेंमी साच्यात तोच दाब ८ किलोत येतो, २० सेंमीच्या साच्याला ३२ किलो लागतात.

गौड्यासाठी या साच्यात: ५ किलोवर २० मिनिटं, काढून उलटा, १० किलोवर अर्धा तास, पुन्हा उलटा, मग १८ किलोवर ६ ते ८ तास. दर वेळी कपडा सोडवून नीट बसवा, नाहीतर घड्या चीजमध्ये रुततात आणि पुढे तिथेच बुरशी धरते. चेडरला मीठ आधीच दाण्यांत असतं, ते लवकर जुळत नाहीत. त्याला २०-२५ किलो आणि २४ तास द्या.

सुरुवातीलाच पूर्ण वजन टांगण्याचा मोह आवरा. बाहेरची साल लगेच बंद होते, निवळी आत अडकते, चीज आंबट आणि ओलसर राहतं. निवळी थेंबाथेंबाने, स्वच्छ हिरवट-पिवळी यायला हवी. दुधाळ पांढरी येऊ लागली तर स्निग्धांश वाहून चाललाय, वजन कमी करा. उलट, चीज कापल्यावर आत दाण्यांमधे फटी दिसल्या तर वजनाआधी तापमान तपासा. दाणे साच्यात भरताना ३०-३२ अंशांखाली गेले असतील तर कितीही दाबा, ते जुळत नाहीत. थंडीत साचा आणि चकती आधी गरम पाण्यात बुडवून घ्या.

चीज तरीही तिरकं झालं तर तरफेकडे बघा. ती १५ अंश झुकली की दट्ट्याची खाच जवळपास ७ मिमी मागे सरकते आणि दट्ट्या कलतो. वजनाचा भार त्याने घटत नाही, दोन्ही अंतरं सारख्याच प्रमाणात कमी होतात. बिघडते ती फक्त दिशा. उलटताना टेकूचा बोल्ट एक भोक खाली घ्या किंवा दट्ट्याखाली २ सेंमीचा ठोकळा सरकवा, तरफ पुन्हा आडवी होते. टेबल समपातळीत आहे का तेही बघा.

लाकडाला वॉर्निश लावू नका, पोपडे निघतात. औषधाच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिन कोरड्या लाकडाला दोन-तीन हात चोळा, आणि वापरानंतर गरम साबणपाण्याने पुसून सावलीत वाळवा. उन्हात ठेवलंत तर बेस वाकतो, कुसा ढिल्या होतात. निवळीसाठी कोरीव पन्हळ करायची हौस असते बऱ्याच जणांना, पण ती घासायला त्रास. साच्याखाली स्टीलचं ताट आणि त्यात छोटी जाळी ठेवलीत की लाकूड ओलं होतच नाही.