इंग्लंडमधल्या जुन्या शेतवाडीचं नाव प्रत्येक कागदात वेगळं दिसतं, त्यातलं बरोबर स्पेलिंग कोणतं?

एकही नाही. किंवा सगळीच. ज्याला जसं ऐकू आलं तसं त्याने लिहिलं, विषय संपला.

मी लंडनजवळच्या गॅटविक विमानतळाला खेटून असलेल्या क्रॉलीत राहतो. आई-आबा पहिल्यांदा आले तेव्हा विमानतळावर अडकले. शाळेतल्या कारकुनाने माझ्या आडनावात 'एल'नंतर एक 'ए' जास्तीचा घातलाय, आबांच्यात आणि दादाच्यात तो नाही. अधिकाऱ्याने माझं निमंत्रणपत्र आणि आबांचा पासपोर्ट शेजारी ठेवून विचारलं, हा नक्की तुमचाच मुलगा? आबांचं इंग्रजी बेताचं. म्हणाले, "सेम सन, डिफरंट क्लार्क." तो हसला आणि शिक्का मारला.

गाडीत मी त्यांना सांगितलं, 1891 मध्ये गॅटविकला घोड्यांच्या शर्यती सुरू झाल्या, विमानं 1930 पासूनची, पण मुळात ही शेळ्यांची वाडी. जुन्या इंग्रजीत 'गाट' म्हणजे शेळी, 'विक' म्हणजे दुभत्या जनावरांची वाडी. 1241 च्या नोंदीत आजचंच नाव आहे, फक्त शेवटच्या 'के'आधी 'सी' नाही. पुढे सुटा 'गाट' बोलता बोलता 'गोट' झाला, नावात अडकलेला मात्र 'गॅट'च राहिला. आबा म्हणाले, "म्हणजे शेळके बरोबर जागी आलेत!"

दादाला हे पटत नाही. प्रतिज्ञापत्र कर, गॅझेटात दे, बरोबर करून घे, हे तो दर दिवाळीला फोनवर ऐकवतो. अरे, बरोबर म्हणजे काय? लंडनमधलं चिझिक आणि उत्तर इंग्लंडमधलं केझिक, दोघांच्याही स्पेलिंगात शेवटी 'विक'च, दोन्ही नावांचा अर्थ चीजची वाडी. उत्तरेत नॉर्स, म्हणजे व्हायकिंगांची भाषा, बोलणाऱ्यांच्या तोंडी 'क' टिकला, दक्षिणेत 'च' झाला. इसवी सन 1000 च्या सुमारास चिझिक नुसत्या 'सी'ने लिहीत, 'सीएच' ही पुढे फ्रान्सकडून आलेल्या नॉर्मन लेखनिकांची सवय. यातलं चुकीचं कोणतं ते दादाने सांगावं.

तुम्ही एवढंच करा: सापडतील ती सगळी रूपं सालासकट मांडा आणि अर्थ सगळ्यात जुन्यावरून लावा, आजच्या पाटीवरून नको. हां, आणि 'विक' किंवा 'विच' दिसलं की गोठाच, असंही नाही. ड्रॉइटविच नावाच्या गावात मीठ पिकायचं.

दादा, तू हे वाचणारच. 'ए' राहणार आहे.