वाचकांचे प्रश्न : ‘टेकन’ची घट्ट वीण आणि सुटलेले धागे

या वेळचे प्रश्न ‘टेकन’बद्दलचे आहेत. हा पिएर मोरेल दिग्दर्शित २००८चा चित्रपट. कथा लूक बेसाँ आणि रॉबर्ट मार्क केमन यांची. अमेरिकी गुप्तहेर खात्यातून निवृत्त झालेल्या ब्रायन मिल्सची मुलगी किम पॅरिसला फिरायला जाते, तिथे देहविक्रयासाठी मुली पळवणारी अल्बेनियन टोळी तिला उचलते आणि बाप तिला शोधायला निघतो.

प्रश्न : फोनवरचा प्रसंग पाठ झालाय, तरी दर वेळी छातीत धडधडतं. त्यात एवढं काय आहे?

पहिलं म्हणजे त्यात मारामारी जवळजवळ नाही. किम फ्लॅटमधून वडिलांशी फोनवर बोलत असते आणि खिडकीतून तिला समोरच्या खोलीत मैत्रीण अमांडाला माणसं पकडताना दिसतात. तिकडे लॉस एंजेलिसमध्ये ब्रायन रेकॉर्डर जोडतो आणि मुलीला सरळ सांगतो, की ते तुला नेणार आहेत. खरी कळ इथे आहे. एरवीच्या चित्रपटातला बाप ‘तुला काही होणार नाही’ म्हणाला असता. हा खोटी आशा काढून घेतो आणि तिच्या हाती काम देतो : पलंगाखाली जा, फोन जमिनीवर ठेव, ओढून नेतील तेव्हा उंची, केस, डोळे, खुणा, जे दिसेल ते ओरडून सांग. आपल्याला आधी बूट दिसतात, मग ते निघून जातात. सुटली बिचारी, असं वाटतं न वाटतं तोच ती खेचली जाते. दाढी, हातावरची गोंदणखूण असं ओरडत ती नाहीशी होते.

यानंतर येतं ते सगळ्यांना पाठ असलेलं धमकीचं बोलणं. ब्रायनची भूमिका करणारा लिअम नीसन त्यात आवाज अजिबात चढवत नाही. पलीकडचा माणूस दोनच शब्द बोलतो, ‘गुड लक’. त्याचा चेहरा आपल्याला दाखवलेला नाही, त्यामुळे प्रेक्षकाजवळही ब्रायनइतकंच भांडवल उरतं, एक आवाज. पुन्हा बघाल तेव्हा हा प्रसंग डोळे मिटून नुसता ऐका. ध्वनीवर किती भार टाकलाय ते कळेल.

प्रश्न : आम्ही काही मित्र अपहरणावर पंचवीस मिनिटांचा लघुपट करतोय. माग कसा काढत न्यायचा, हे या चित्रपटावरून शिकता येईल का?

येईल, आणि शिकण्यासारखी खरी गोष्ट हीच आहे. वही घ्या आणि प्रत्येक प्रसंगापुढे दोनच रकाने करा : नायक काय घेऊन आला, आणि काय घेऊन बाहेर पडला.

ब्रायन फ्लॅटमध्ये येतो तो रेकॉर्ड केलेला फोन घेऊन, आणि बाहेर पडतो किमच्या मोडक्या मोबाइलमधलं मेमरी कार्ड घेऊन. त्यातल्या विमानतळावरच्या फोटोत, काचेतल्या प्रतिबिंबात, मुलींना हेरणारा पीटर सापडतो. पीटर पळताना ट्रकखाली जातो आणि माग तुटतो. हा धक्का अगदी जागच्या जागी आहे, कारण तोवर सगळं फार सोपं चाललेलं असतं. मग जुना ओळखीचा फ्रेंच अधिकारी जाँ-क्लोद त्याला टोळीच्या वस्तीचा पत्ता सुचवतो, तिथे एका दलालाच्या अंगावर ऐकण्याचं यंत्र चिकटवलं जातं, त्यावरून बांधकामाच्या जागेतला अड्डा कळतो, अड्ड्यात एका मुलीपाशी किमचं जॅकेट मिळतं. ती मुलगी नशेत आहे, त्यामुळे ती शुद्धीवर येईपर्यंत ब्रायनला हॉटेलात सलाइन लावून थांबावं लागतं. मगच लाल दाराच्या घराचा पत्ता हाती येतो.

त्या घरात तो पोलीस अधिकारी बनून हप्ता वाढवून मागायला बसतो आणि निघताना चिठ्ठीवरचे अल्बेनियन शब्द टेबलावरच्या माणसांकडून इंग्रजीत सांगून घेतो. उत्तर येतं ‘गुड लक’, आणि आवाज तोच! अर्ध्या तासापूर्वी पेरलेलं इथे उगवतं. फोनवर बोललेला तो माणूस, मार्को, ब्रायनच्या पुढ्यात बसलेला असतो आणि त्याला कशाचाच पत्ता नसतो.

तुमच्या संहितेसाठी यातून तीन गोष्टी घ्या. पंचवीस मिनिटांत दुवे चारच ठेवा, फार तर पाच. त्यातला एक मध्यावर तुटू द्या. आणि शेवटचा दुवा पहिल्या पाच मिनिटांत प्रेक्षकाने पाहिलेला किंवा ऐकलेला असू द्या. नवशिक्यांच्या पटकथेत हमखास घोटाळा होतो तो इथेच : ऐन वेळी पोलिसातला मित्र फोन करून पत्ता सांगतो आणि नायकाला काही कमवावंच लागत नाही. ‘टेकन’सुद्धा एकदा घसरला आहे. मार्कोला विजेचे झटके देऊन पुढचं नाव काढलं जातं. छळ केला की माणूस ताबडतोब खरंच बोलतो, ही पटकथेची सोय आहे. एवढ्या हुशारीने ओळखलेल्या माणसाकडून माहितीही हुशारीनेच काढायला हवी होती.

प्रश्न : मारामारीत कोण कोणाला मारतंय ते कळतच नाही. दोष आमच्या टीव्हीचा की चित्रपटाचा?

चित्रपटाचा. हातात धरलेला कॅमेरा, जवळून घेतलेली दृश्यं आणि भराभर काटछाट. चित्रपट आला तेव्हा नीसन पंचावन्न वर्षांचे होते, आणि या पद्धतीत फटक्याचं वजन आवाजावर पेलता येतं. लाल दाराच्या घरातली झटापट तरीही समजते, कारण आधी आपण त्या टेबलाशी बसलेलो असतो. कोण कुठे आहे हे डोक्यात पक्कं असतं. शेवटी नौकेवर ही सोय नाही. जागा अनोळखी, बोळ अरुंद, म्हणून तिथली चाकूची लढत नुसती धावपळ वाटते.

प्रश्न : चित्रपट आवडतो, पण बघून झाल्यावर काहीतरी खटकत राहतं. का?

खटकायलाच हवं. ज्या काटकसरीने माग पुढे सरकतो, त्याच काटकसरीने माणसं खर्ची पडतात. अड्ड्यातल्या बाकीच्या मुलींचं पुढे काय झालं, हे चित्रपट विचारत नाही. अमांडा मेलेली सापडते आणि कथा तिच्यासाठी थबकत नाही. तिला शोधणारं कोणी होतं की नाही, तेही कळत नाही. जाँ-क्लोदला बोलतं करायला ब्रायन जेवणाच्या टेबलावर त्याच्या निरपराध बायकोच्या दंडात गोळी घालतो आणि आपण त्याच्याच बाजूने उभं राहावं अशी अपेक्षा असते. अल्बेनियन माणसं सगळी टोळीवाली, खरेदीदार अरब शेख. एकही परदेशी चेहरा धड माणूस म्हणून येत नाही. दीड तासाच्या चित्रपटात वेळ नव्हता, ही सबब मला पटत नाही. शुद्धीवर येणाऱ्या त्या मुलीला चार वाक्यं जास्त दिली असती तरी चित्रपटाचं वजन वाढलं असतं.

प्रश्न : ‘शहाण्णव तासांत सापडली नाही तर कधीच नाही’ असं चित्रपटात ब्रायनला सांगितलं जातं, हे खरं आहे का?

ते कथेला चाप लावण्यासाठी आहे, नियम म्हणून धरू नका. चित्रपटातही पुढे त्याचा फारसा ताण जाणवत नाही. प्रत्यक्षात मानवी तस्करी बहुतेक वेळा दार फोडून होत नाही. ओळखीतून, नोकरीच्या किंवा लग्नाच्या आमिषातून, कर्जातून होते. आपल्याकडे कोणी बेपत्ता झालं तर चोवीस तास थांबायची गरज नाही. ११२वर फोन करा, मूल असेल तर १०९८वरही. मूल हरवल्याच्या तक्रारीवर गुन्हा नोंदवलाच पाहिजे, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१३चा आदेश आहे. ‘हद्द आमची नाही’ हे उत्तर ऐकून परत येऊ नका. दखलपात्र गुन्ह्याची खबर कुठल्याही ठाण्यात देता येते, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ तेच सांगतं. जाताना अलीकडचा फोटो, अंगावरचे कपडे, ओळखखूण आणि शेवटच्या फोनची वेळ लिहून न्या.

प्रश्न : पुढचे दोन भाग पाहावेत का?

सुमारे अडीच कोटी डॉलर खर्चून पहिल्याने जगभरात साडेबावीस कोटींच्या आसपास कमावले, तेव्हा पुढचे भाग येणारच होते. दोन्ही ऑलिव्हिए मेगातोन यांचे. इस्तंबूलमधल्या दुसऱ्या भागात (२०१२) एकच प्रसंग पहिल्याच्या तोडीचा आहे : पकडला गेलेला ब्रायन फोनवरून किमला नकाशा, पेन आणि बुटाची नाडी घेऊन वर्तुळं काढायला लावतो आणि स्फोटाच्या आवाजावरून स्वतःचा ठावठिकाणा शोधायला मदत करतो. तेवढ्यासाठी पाहा. तिसऱ्यात मूळ गाठच बदलते, ब्रायनवर खुनाचा आळ येतो. त्यात तो एक साधं कुंपण चढतो ते इतक्या तुकड्यांत कापलंय की तो चढला कसा तेच कळत नाही. संकलन शिकणाऱ्यांनी तेवढा तुकडा थांबवत थांबवत पाहावा, बाकीचा सोडला तरी चालेल.