ता. क. मधलं घोरणं

प्रश्न : डॉक्टरताई, नमस्कार. माझं वय ५३. कराडला एका पतसंस्थेत कॅशवर बसते. दीड वर्षापासून कशातच मन लागत नाही. सकाळी उठते ती डोकं धरूनच. तोंडाला कोरड पडलेली असते आणि अंग असं दुखतं, जणू रात्रभर धुणं बडवलंय. दुपारी तीननंतर नोटा मोजताना डोळे मिटतात. एकदा हिशेबात हजार रुपये कमी आले, ते पदरचे घातले. पाळी जाऊन तीन वर्षं झाली, वजन नऊ किलोंनी वाढलं, बीपीची गोळी सुरू झाली. रात्री तीन-चारदा लघवीला उठते म्हणून शुगर तपासली, ती नॉर्मल आहे. मंगळवारच्या भजनाला जाणं सोडलंय. सुनेच्या साध्या बोलण्यावरही रडू येतं. डॉक्टरांनी डिप्रेशन सांगितलं. आठ महिने एस्सिटालोप्राम घेतेय. रडणं कमी झालं, थकवा आहे तिथेच आहे. झोपेची एक गोळीही दिली आहे, पण ती घेतली की दुसरा दिवस आणखी जड जातो. कधी कधी वाटतं, सकाळ झालीच नाही तर बरं. मी मनानं कमकुवत आहे का?
— एक वाचक, कराड

ता. क. : मुलगी बाळंतपणाला आली होती, ती माझ्या खोलीत झोपायची. म्हणते, मी फार घोरते, मध्येच गप्प होते आणि मग दचकते. हे लिहू नको, असं यजमान म्हणत होते.

उत्तर : ताई, आधी ‘सकाळ झालीच नाही तर’ या वाक्याबद्दल. हा विचार पुन्हा आला तर एकटीनं सोसू नका. घरात एका माणसाला सांगून ठेवा आणि तुमच्या डॉक्टरांनाही याच शब्दांत सांगा. रात्री-अपरात्री १४४१६ वर फोन करा. ही सरकारची टेली-मानस सेवा आहे, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

आता बाकीचं पत्र. सहीपर्यंत वाचून मीही तेच निदान केलं होतं, जे तुमच्या डॉक्टरांनी केलं. मग ता. क. वाचला आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. यजमानांना सांगा, अख्ख्या पत्रात सगळ्यात कामाचं वाक्य तेच निघालं.

घोरणं मध्येच थांबलं की घरच्यांना वाटतं, आता हिला गाढ झोप लागली. श्वास थांबलेला असतो तो नेमका तेव्हाच. झोपेत घशाचे स्नायू सैलावतात, जीभ मागे पडते, वाट बंद होते. छाती-पोट ओढ घेत राहतात, पण हवा आत जात नाही. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू घाबरून माणसाला अर्धवट जागं करतो, ठसक्यासारखा आवाज येऊन श्वास सुरू होतो. सकाळी यातलं काहीच आठवत नाही. याला स्लीप ॲप्निया म्हणतात. श्वास किमान १० सेकंद अडला तर तो मोजायचा. तासाला ५ च्या आत असेल तर ठीक, १५ पर्यंत सौम्य, ३० च्या वर तीव्र. तासाला ३० म्हणजे दर दोन मिनिटांनी कुणीतरी हलवून उठवावं तसं. आठ तास अंथरुणात काढूनही झोप झालेली नसते ती यामुळे.

आता तुमची तक्रार एकेक करून बघा. सकाळची डोकेदुखी, कोरडं तोंड, वाढलेलं बीपी, दुपारची पेंग या सगळ्यामागे ॲप्निया असू शकतो. लघवीचंही तसंच. बंद घशाविरुद्ध श्वास ओढताना हृदयाच्या वरच्या कप्प्यांवर ताण येतो, तिथून एक संप्रेरक सुटतं आणि मूत्रपिंडं जास्त लघवी तयार करतात. तुम्ही शुगर तपासून घेतलीत ते बरोबरच केलंत.

मग डिप्रेशन खोटं होतं का? नाही, आणि इथेच आम्हा मानसोपचारवाल्यांची फसगत होते. उदासीनता मोजायला आम्ही पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची यादी वापरतो, दर प्रश्नाला ० ते ३ गुण. त्यातले चार प्रश्न झोप, थकवा, एकाग्रता आणि मंदावलेल्या हालचालींबद्दल आहेत. म्हणजे ज्याची झोपच होत नाही असा माणूस जराही उदास नसताना १२ गुण मिळवू शकतो, आणि १० च्या पुढे आम्ही मध्यम डिप्रेशन धरतो! पण सहसा एवढ्यावर थांबत नाही. महिनोन् महिने तुटक झोप आणि रात्री वारंवार उतरणारा ऑक्सिजन यांनी मन खरोखरच खचतं. उलट बाजूनंही चक्र फिरतं. उदास माणूस फिरायला जात नाही, वजन वाढतं, काही गोळ्याही वजन वाढवतात, आणि मान-घशाभोवती चरबी साठली की श्वासाची वाट आणखी अरुंद होते.

हे मी पुस्तकातून शिकले असते तर बरं झालं असतं. बारा-एक वर्षांपूर्वी एका शिक्षकांवर मी दोन वर्षं उपचार केले. गोळी बदलली, डोस वाढवला, दुसरी जोडली. सर दर महिन्याला यायचे आणि ‘जरा बरं आहे’ म्हणायचे, तेही मला वाईट वाटू नये म्हणून. एकदा त्यांच्या पत्नी आत आल्या. मी सहज विचारलं, सरांची झोप कशी आहे? त्या म्हणाल्या, “ते झोपतात, जागी मी असते. श्वास परत येईपर्यंत आकडे मोजते.” ही बाई दोन वर्षं माझ्या दाराबाहेरच्या बाकावर बसून होती, आणि मी तिला एकदाही आत बोलावलं नव्हतं.

बायकांच्या बाबतीत ही चूक जास्त होते. ॲप्निया म्हटलं की डॉक्टरांच्याही डोळ्यांपुढे येतो तो जाड मानेचा, ढेरपोट्या, घोरणारा पुरुष. बाई येते ती थकवा, निद्रानाश, डोकेदुखी, उदासी घेऊन. घोरण्याचं ती बोलत नाही, कारण बाईनं घोरणं म्हणजे काहीतरी अब्रूचं! पाळी गेल्यावर धोका वाढतो, पण त्या वयातल्या प्रत्येक तक्रारीला ‘मेनोपॉज’ म्हणून वाटेला लावलं जातं. (माझे वडील घोरायचे तर आम्ही कौतुकानं कुंभकर्ण म्हणायचो. आई घोरायची, ते आम्हाला ऐकूच यायचं नाही.)

उपचारानं मन सुधारतं का? ऑस्ट्रेलियातल्या पर्थच्या संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेला एक अभ्यास आहे. त्यात ॲप्नियाच्या २९३ रुग्णांपैकी ७३ टक्क्यांमध्ये डिप्रेशनची ठळक लक्षणं होती. २२८ जणांनी तीन महिने रोज सरासरी पाच तासांहून जास्त सीपॅप मशीन (झोपताना मास्कमधून दाबानं हवा देऊन घशाची वाट उघडी ठेवणारं यंत्र) वापरलं, तेव्हा लक्षणं उरली फक्त ९ जणांत. आकडा पाहून मी हुरळले होते. पण तुलनेला मशीन न लावणारा गट नव्हता, आणि नेटानं मशीन लावणारे मुळात जरा उमेद धरून असणारेच असावेत. निम्मं श्रेय कापलं तरी थोडं नाही.

तेव्हा आता हे करा. मुलीला, नाहीतर यजमानांना, तुम्ही झोपेत असताना मोबाइलवर दोन-तीन मिनिटांचं चित्रण करायला सांगा. ते घेऊन छातीविकारतज्ज्ञ किंवा कान-नाक-घसा डॉक्टरांकडे जा आणि ‘स्लीप स्टडी’, म्हणजे झोपेतल्या श्वासाची तपासणी, हा शब्द स्वतःहून काढा. रात्रभर दवाखान्यात राहून ती होते. साधी आवृत्ती घरीही करता येते. थायरॉइड आणि हिमोग्लोबिन त्याच फेरीत बघून घ्या. झोपेची गोळी कोणती ते तुम्ही लिहिलेलं नाही. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम गटातली असेल तर ती घशाचे स्नायू आणखी सैल करू शकते. ही शंका डॉक्टरांपुढे ठेवा, पण गोळी एकदम बंद करू नका, ती टप्प्याटप्प्यानं उतरवावी लागते. एस्सिटालोप्रामही स्वतःच्या मनानं सोडायची नाही. तोवर कुशीवर झोपा, उताणं नको.

आणि कमकुवत? रात्री अशी झोप घेऊन दिवसा नोटा मोजणाऱ्या बाईला मी तो शब्द लावणार नाही.

प्रश्न : माझा श्वास तासाला ३८ वेळा अडतो असं निघालं. तीन महिने सीपॅप लावतोय, तरी उदासी जात नाही. मशीनचे पैसे पाण्यात गेले का?
— वाचक, ठाणे

उत्तर : ‘लावतोय’ म्हणजे किती तास? राग मानू नका. हृदयाच्या किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आजार असलेल्यांवरच्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात (२०१६) लोकांनी मशीन रोज सरासरी ३.३ तासच लावलं होतं. तेवढ्यानंही त्यांच्या मनःस्थितीत फरक पडला, पण तुम्ही तेवढ्यावर भागवू नका. मशीनमध्ये वापराचे तास, मास्कमधून होणारी हवेची गळती आणि अजूनही अडणारे श्वास यांची नोंद असते, ती डॉक्टरांना दाखवा. तास भरपूर असतील, अडणारे श्वास पाचच्या खाली आले असतील आणि तरीही उदासी असेल, तर डिप्रेशन हा स्वतंत्र आजार समजून त्याच्यावर गोळी-समुपदेशन सुरू करायचं. मशीन चालूच ठेवायचं. गळती दिसली तर मास्क बदलून बघा. मिशी असेल तर हवा तिथूनच निसटते. नाकपुड्यांत बसणारा मास्क मिळतो, त्यात मिशी शाबूत राहते.