सोप्रानोंवरून घरात भांडणं: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: नमस्कार ताई, आमचा पाचसहा जणांचा ग्रुप आहे, रविवारी कुणाच्या तरी घरी जमतो आणि वेस्टर्न क्लासिकल ऐकतो. मागच्या वेळी पुच्चीनीचा 'तोस्का' हा ऑपेरा लावला, मारिया कॅलासचं १९५३ चं रेकॉर्डिंग, आणि अर्ध्या तासात वातावरण तापलं. आमच्यातले एक काका दुसऱ्या सोप्रानोचे (म्हणजे सगळ्यात वरच्या पट्टीत गाणारी गायिका), रेनाता तेबाल्दीचे परमभक्त, ते म्हणाले हा आवाज कानाला टोचतो, याला लोक गाणं कसं म्हणतात. त्यावर एक मैत्रीण म्हणाली की तेबाल्दी म्हणजे नुसतं साजूक तूप, दोन चमच्यांच्या वर जात नाही. मला दोघीही आवडतात असं म्हटलं तर दोघं मिळून माझ्यावरच घसरले, म्हणे तुला स्वतःचं मतच नाही. यात बरोबर-चूक असं काही असतं का, की ज्याची त्याची आवड म्हणून सोडून द्यायचं?
– एक वाचक, ठाणे

उत्तर: अहो सोडून कशाला देताय, मग रविवारी करणार काय! तुमच्या घरात झालं ते भांडण सत्तर वर्षं जुनं आहे आणि मिलानमध्ये तर ते याहून जोरात झालंय. १९४६ मध्ये युद्धात पडझड झालेलं तिथलं ऑपेरा थिएटर ला स्काला परत उघडलं तेव्हा संगीत संचालक तोस्कानिनीने तेबाल्दीला गायला निवडलं, तेव्हापासून ती तिथली लाडकी, देवदूताचा आवाज वगैरे बिरुदं तिला चिकटलेली. १९५० मध्ये ती आजारी पडली म्हणून 'आयदा'त तिच्या जागी कॅलास उभी राहिली आणि पुढच्या चारपाच वर्षांत तिने ते थिएटर जवळजवळ ताब्यातच घेतलं. १९५५ ला तेबाल्दी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात (मेट) गायला लागली आणि पुढे तेच तिचं मुख्य घर झालं. त्यात एक डेक्काची आर्टिस्ट, दुसरी ईएमआयची, म्हणजे रेकॉर्ड कंपन्यांनाही भांडण चालू राहिलेलं बरंच होतं. १९६८ मध्ये मेटला तेबाल्दीचा शो झाल्यावर कॅलास स्वतः आत जाऊन तिला भेटली, दोघींनी मिठी मारली, पण फॅन मंडळी काही ऐकेनात, ती अजून भांडतायत.

आता मुद्द्याचं. पुढच्या वेळी अख्खा ऑपेरा लावू नका, 'तोस्का'च्या दुसऱ्या अंकातली ती एकच प्रार्थना लावा, 'विस्सी दार्ते', जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं. पोलीसप्रमुखाने तिला कोंडीत पकडलंय, प्रियकराचा जीव हवा असेल तर माझी हो म्हणतोय, आणि ती देवाला विचारते की मी कुणाचं वाईट केलं नाही, मग मलाच हे का. शेवटाकडे सूर चढत चढत वरच्या बी फ्लॅटवर जातो, तिथे थांबतो आणि मग पायरी पायरीने खाली येतो. ही एवढीच जागा दोघींची लागोपाठ ऐका. तेबाल्दीचा बी फ्लॅट (डेक्काचं १९५९ चं स्टीरिओ घ्या) भरदार, गोल, खालपासून वरपर्यंत एकच पोत, कुठे शिवण दिसत नाही. कॅलासचा आवाज मुळात एकसंध नाहीच, खालचा वेगळा, मधला जरा झाकल्यासारखा, वरचा धारदार, आणि त्या बी फ्लॅटला ती धार तुम्हाला लागतेच. पण नंतर खाली येतानाचे दोन सूर ऐका, एकेका सुरावर ती वजन बदलते, तिथे बाई खरंच खचलीय हे भाषा न येणाऱ्यालाही कळतं. तेबाल्दी तिथे देखणी दुःखी असते.

म्हणजे काका आणि मैत्रीण एकाच गोष्टीबद्दल बोलतच नाहीयेत. काका आवाज ऐकतायत आणि मैत्रीण त्या आवाजाने काय केलं ते ऐकतेय. आपल्याकडे कुमारजींच्या बाबतीत हेच झालं ना, क्षयाने एक फुप्फुस गेलं, मोठा दमसास राहिला नाही, मग छोट्या छोट्या तुकड्यांतून त्यांनी जे गाणं उभं केलं त्यावर जुन्या जाणत्यांनी नाकं मुरडली आणि बाकीचे वेडे झाले.

माझं मत विचाराल तर मी कॅलासच्या बाजूची, पण साधारण पन्नासच्या दशकातल्या कॅलासच्या. १९६४ ला तिने 'तोस्का' परत रेकॉर्ड केलं त्यात वरचे सूर चक्क हेलकावे खातात, तिथे काकांचं म्हणणं मला मान्य आहे, भक्तांनी त्यालाही अभिनय म्हणू नये. आणि काकांनीही हे मान्य करावं की तेबाल्दीचा वरचा सी कधीच तिचा हुकमी सूर नव्हता, बऱ्याचदा किंचित खालीच राहायचा. बेसूर कुठे झालं, श्वास कुठे तुटला, लिहिलेले बारीक सूर गाळले का, यात बरोबर-चूक असतं. आवाजाचा रंग आवडण्यात नसतं. भांडताना ह्या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या तरी खूप झालं. आणि दोघी आवडतात म्हणजे मत नाही हे काही खरं नाही, फक्त कुठली कशासाठी आवडते ते सांगता आलं पाहिजे, तेवढं तयार ठेवा.

प्रश्न: मी दोन वर्षं इटालियन शिकतेय तरी सोप्रानो वर गेली की एक शब्द कळत नाही. जोन सदरलंडबद्दल तर जो तो हेच म्हणतो. हा गायिकेचा आळस असतो का?
– एक वाचक, पुणे

उत्तर: थोडा गायिकेचा, बराचसा निसर्गाचा. आ, ई, ऊ हे स्वर आपल्याला वेगळे ऐकू येतात कारण तोंडाच्या आकाराप्रमाणे ठरावीक ठिकाणच्या लहरी जोरात घुमतात. 'ई'चा पहिला घुमारा साधारण ३०० हर्ट्झच्या आसपास, 'आ'चा ८०० च्या आसपास. आता सोप्रानोचा वरचा सी म्हणजे जवळपास १०४६ हर्ट्झ, म्हणजे मूळ सूरच या सगळ्यांच्या वर निघून गेला, मग ई काय आणि आ काय, ऐकणाऱ्याला सगळं आ-च. शिवाय आवाज मोठा यावा म्हणून गायिका वर जाताना जबडा जास्त उघडते, त्याने उरलासुरला फरकही जातो. बिचारी काय करणार, माईक नाही आणि समोर अख्खा ऑर्केस्ट्रा.

सदरलंडचं मात्र वेगळं, ती मधल्या सप्तकातही व्यंजनं गिळायची, त्याबद्दल तिने बोलणी खाल्ली आणि ती रास्तच होती. पण १९५९ मध्ये लंडनच्या कॉव्हेंट गार्डनला तिने 'लुचिया' हा ऑपेरा गायला तेव्हा लोकांनी तिला डोक्यावर घेतलं ते काही उच्चारांसाठी नाही. एवढा मोठा आवाज आणि त्याला अशी फिरत, हे एकत्र सहसा मिळतच नाही. एक गंमत सांगते, १९५२ मध्ये त्याच थिएटरात कॅलास 'नॉर्मा' गायली तेव्हा तिच्या दासीचं काम, अगदी चार ओळींचं, ह्याच सदरलंडने केलं होतं. शब्द हवे असतील त्या दिवशी कॅलास लावा, तानांच्या लडी हव्या असतील तेव्हा सदरलंड. दोन्ही एकीत शोधत बसाल तर कधीच सुखाने ऐकणार नाही.

प्रश्न: माझ्या धाकट्या भावाला फक्त एमा कर्कबी चालते. बाकी सगळ्या सोप्रानो त्याच्या मते 'थरथरतात'. आई लहानपणापासून आम्हाला तानपुऱ्यावर सा लावायला बसवायची त्याचा हा परिणाम असेल का?
– एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर: असू शकतो की! ज्या कानाला तानपुऱ्यासमोर सरळ, स्थिर षड्जाची सवय लागलीय त्याला ऑपेरातला कंप आधी खटकतोच, माझ्या ओळखीत गाणं शिकलेल्या बहुतेकांचं हेच होतं आणि न शिकलेले लोक उलट पटकन रमतात. तयार आवाजात हा कंप सेकंदाला साधारण पाच ते सात वेळा होतो आणि कानाला तो वेगळा जाणवत नाही, आवाजाला ऊब आल्यासारखं वाटतं. तोच संथ आणि रुंद झाला की मग सूर नेमका कुठला तेच कळेनासं होतं, आणि त्याला भाऊ नावं ठेवत असेल तर बरोबरच करतोय. सगळ्यांनाच एका माळेत ओवू नये एवढंच.

कर्कबीचा आवाज हलका, सरळ, आणि तो ज्या संगीतासाठी आहे तिथे फिट बसतो. संचालक क्रिस्तोफर हॉगवूडबरोबरचं हेंडेलचं 'मसाया' (१९८०) काढा, वाद्यवृंद छोटा, व्हायोलिनला आतड्याच्या तारा, पट्टीही आजच्यापेक्षा जवळपास अर्धा सूर खाली. तिथे एखादी वाग्नर गाणारी दणदणीत बाई उभी केली तर सगळं पार झाकोळून जाईल. आणि कर्कबीला वाग्नरमध्ये उभी केली तर ती तिसऱ्या रांगेत पण ऐकू येणार नाही. म्हणून 'हाच शुद्ध आवाज, बाकी सगळा आरडाओरडा' असं भाऊ म्हणाला की त्याला विचारायचं, कशासाठी शुद्ध?

त्याला हळूहळू बाहेर काढायचं असेल तर एकदम बिर्गिट निल्सनसारखी वाग्नर गाणारी नको, पळून जाईल. रिचर्ड स्ट्राउसने १९४८ मध्ये, वयाच्या चौऱ्याऐंशीच्या सुमाराला लिहिलेली ती चार शेवटची गाणी आहेत ना, त्यांपासून सुरुवात करा. गुंडुला यानोविट्झने संचालक कारायानबरोबर गायलीत ती आधी, तिचा आवाज बासरीच्या जवळचा, त्याला चालेल. मग जेसी नॉर्मनचं १९८२ चं, कुर्ट माझूरबरोबरचं. संधिप्रकाशावरचं शेवटचं गाणं यानोविट्झ सातेक मिनिटांत संपवते आणि नॉर्मन तेच जवळपास दहा मिनिटं ताणते, काहीजणांना हे असह्य होतं, झोप येते म्हणतात, मला मात्र त्या संथपणाशिवाय ते गाणं आता पुरं वाटत नाही. आणि श्वार्त्झकोप्फचं १९६५ चं जपून लावा. ती एकेका शब्दाला इतकं नटवते की निम्म्या लोकांना ती सर्वोत्तम वाटते आणि निम्म्यांना शिकवणीतल्या बाईंसारखी. मी दुसऱ्या निम्म्यांत, संपादकसाहेब पहिल्या, त्यामुळे ह्या ओळी छापून आल्या तर त्यांचे आभार.

प्रश्न: हे सगळं स्पीकरवर ऐकून ठरवणं बरोबर आहे का? मुंबईत प्रत्यक्ष ऐकायची सोय आहे?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर: नाहीच बरोबर, म्हणून तर अर्धी भांडणं फुकटची असतात. रेकॉर्डिंगमध्ये माईक जवळ घेतला की छोटा आवाजही मोठा होतो आणि खरोखरचा मोठा आवाज मात्र माईकपासून लांब उभा करावा लागतो, म्हणजे बिर्गिट निल्सन आणि कुणी नाजूक गायिका तुमच्या हेडफोनमध्ये सारख्याच मापाच्या होऊन बसतात. जाड, तीक्ष्ण आवाजांचं यात जास्त नुकसान होतं, हॉलमध्ये जी धार लांबवर पोचते तीच माईकला टोचते.

मुंबईत गिरगावातलं रॉयल ऑपेरा हाऊस २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये परत सुरू झालं, पहिल्याच कार्यक्रमात पॅट्रिशिया रोझारिओ गायल्या, मूळ गोव्याच्या घरातल्या, मुंबईत वाढलेल्या आणि इंग्लंडमध्ये नाव कमावलेल्या सोप्रानो. नरिमन पॉइंटच्या एनसीपीएत सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाचे सीझन असतात, त्यात अधूनमधून गायिका येतात, मेटच्या ऑपेरांची स्क्रीनिंग्जही तिथे झालीयत, पण ती परत माईकचीच, तेव्हा आवाजाचं माप काढायला ती धरू नका. तिकीट काढताना पुढच्या महागड्या रांगेचा हट्ट नको, वरच्या बाल्कनीतलं घ्या, ला स्कालातली सगळ्यात खडूस, गायिकेला सरळ हुर्यो करणारी मंडळीसुद्धा वरच्या स्वस्त सज्जातच बसतात.