पहिली एमटीबी (माउंटन बाइक) घेताय? आधी हे वाचा

फुल सस्पेन्शनच्या मोहात पडू नका. पंचवीस-तीस हजारांत मागे शॉकअप लावलेली सायकल म्हणजे नुसतं वजन. त्याच पैशात अ‍ॅल्युमिनियम फ्रेमची, डिस्क ब्रेकवाली हार्डटेल, म्हणजे फक्त पुढे शॉकअप असलेली, घ्या. फ्रेम तुमच्या उंचीची हवी. सायकल दोन पायांत घेऊन, दोन्ही पाय टेकवून उभं राहिल्यावर वरची दांडी आणि जांघ यांच्यामध्ये दोन-तीन बोटं तरी जागा राहिली पाहिजे.

आपल्याकडे गोव्यात खरा शत्रू डोंगर नाही, खारी हवा. माझी पहिली सायकल मी मिरामारच्या किनाऱ्यावर ओल्या वाळूत मनसोक्त फिरवली आणि तशीच बाल्कनीत ठेवली. आठवड्यात साखळी तांबडी, कडी कडीला चिकटलेली. दुकानदाराने विकताना यातलं काही सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं म्हणा! तेव्हापासून समुद्रावरून आलो की गोड्या पाण्याने हलकं धुणं, फडक्याने साखळी कोरडी करणं, मग प्रत्येक कडीवर एकेक थेंब तेल. पाच मिनिटांनी वरचं तेल पुसायचं, नाहीतर जांभ्याची लाल धूळ चिकटून साखळी झिजते. प्रेशर पंपाचा फवारा मात्र बेअरिंगवर मारू नका, आतलं ग्रीस निघून जातं.

चाकात हवा ठासून भरू नका. कच्च्या वाटेला तीस पीएसआयच्या (हवेच्या दाबाचं माप) आसपास पुरे.

आणि लगेच चोर्ला घाट नको. आधी फेरीबोटीतून दिवाडी बेटावर जा, बांधावरून फिरा.